पुण्यात चारचाकीशिवाय : मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन वर्षांपूर्वी आम्ही घरातली चारचाकी विकली. मी कोथरूडला राहते, ऑफिस शिवाजीनगरला आहे, घरात शहात्तर वर्षांची आई आणि कॉलेजात जाणारा मुलगा. तेव्हापासून सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाकार्यात, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत तेच तेच प्रश्न विचारले जातात. विचारणारे बहुतेक जण मनापासून विचारतात, कारण पुण्याच्या रस्त्यांनी सगळ्यांनाच मेटाकुटीला आणलंय. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

गाडी विकलीत तरी का?

कारण ती उभीच असायची. ऑफिसला जायला-यायला मिळून दीड-दोन तास, बाकीचे बावीस तास पार्किंगमध्ये. शनिवारी पेठेत न्यायची म्हटलं तर तिथे लावायला जागा मिळायची नाही. एकदा आईच्या चष्म्यासाठी लक्ष्मी रोडला गेलो, तर जागा शोधत चाळीस मिनिटं त्याच तीन गल्ल्यांतून फिरत होतो. शेवटी आईला मी दुकानापाशी उतरवलं, गाडी नदीकाठी लावली आणि चालत परत आले. येईपर्यंत तिचं काम आटपलं होतं. त्या रात्री वही घेऊन हिशेब मांडला.

हिशेब काय निघाला?

सात लाखांचं कर्ज, नऊ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता साडेचौदा हजारांच्या आसपास येतो. महिन्याला पाचशे किलोमीटर चालवली आणि शहराच्या गर्दीत लिटरला पंधराचं ॲव्हरेज धरलं, तर पेट्रोलचे साडेतीन हजार. विमा, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग मिळून आणखी तीन हजार. म्हणजे महिन्याला एकवीस हजार. आता आमचं मेट्रो, बस, रिक्षा आणि अडीनडीला मागवलेली टॅक्सी असं सगळं धरून सहा हजारांच्या वर जात नाही, आणि त्यात आईला दवाखान्यात नेण्या-आणण्याच्या रिक्षाही आल्या. कर्ज फिटलेलं असेल तर फरक कमी पडतो, हे मान्य.

म्हणजे तुम्ही गाडीवाल्यांच्या विरोधात आहात?

नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाला गाडी लागते, हत्यारांची पिशवी घेऊन दिवसाला सहा घरं करणाऱ्या प्लंबरला दुचाकी लागते, रात्री अडीचला ड्यूटी संपणाऱ्या नर्सला दारात वाहन लागतं. माझं म्हणणं एवढंच, की ज्यांना गाडीची गरज नाही त्यांनाही या शहरात गाडी घ्यावी लागते. आपण ती हौसेनं घेतली असं आपल्याला वाटत असतं. रस्त्यानं दुसरा पर्याय ठेवलेला नसतो, हे लक्षात यायला मला पन्नाशी गाठावी लागली.

पुणं तर सायकलींचं शहर होतं. मग बिनसलं कुठे?

माझे वडील शनिवार पेठेतून खडकीच्या कारखान्यात सायकलनं जायचे. पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा, असं ते सांगत. पेठेत तासावर सायकल भाड्यानं मिळायची, दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचा. डबलसीट बसलं किंवा संध्याकाळी दिवा नसला तर पोलीस अडवायचा. आमच्या पिढीनं सायकल शिकताना गुडघे फोडून घेतले, तेही भर रस्त्यावर, कारण तेव्हा रस्त्यावर पडणं परवडायचं.

मग स्कूटर आली. नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, म्हणून ती घरात आली की हार घालून पूजा व्हायची. पण निव्वळ स्कूटरला दोष देऊन भागत नाही. खरा बदल अंतरात झाला. पेठांमध्ये घर, शाळा, मंडई, दवाखाना सगळं पंधरा मिनिटांच्या चालीत होतं. नंतर शहर कोथरूड, कात्रज, हडपसर, वाकडकडे पसरलं. 2017मध्ये 11 गावं महापालिकेत आली, 2021मध्ये आणखी 23. घरं लांब गेली, नोकऱ्या पिंपरी-चिंचवडला, पुढे हिंजवडीला आणि खराडीला गेल्या. बस मात्र त्या वेगानं वाढल्या नाहीत. मधली पोकळी ज्यानं त्यानं आपापल्या दुचाकीनं भरून काढली. 2018मध्ये आरटीओच्या आकड्यांत वाहनांची संख्या 36 लाखांवर गेली, तेव्हा शहराची लोकसंख्या 35 लाखांच्या आसपास धरली जात होती. माणसांपेक्षा वाहनं जास्त झाली, ही बातमी वाचून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

रस्ते रुंद करा, उड्डाणपूल बांधा. यानं सुटणार नाही का?

विद्यापीठ चौक आठवा. तिथले उड्डाणपूल 2020च्या लॉकडाऊनमध्ये पाडले गेले. उणीपुरी पंधरा वर्षंही ते टिकले नाहीत. पाडण्याचं कारण मेट्रो आणि नवा दुमजली पूल हे होतं, पण जुने पूल असतानाही तो चौक संध्याकाळी तुंबायचाच, हे रोज तिथून जाणाऱ्या कुणालाही विचारा.

रस्ता रुंद झाला की पहिले काही महिने बरं वाटतं. मग जो माणूस गर्दी टाळायला आठला निघायचा तो नऊला निघतो. जो बसनं जायचा तो गाडी काढतो. जो लांबचं घर नको म्हणत होता तो तिथे फ्लॅट बुक करतो. मोकळी झालेली जागा अशी भरत जाते आणि आपण पुन्हा होतो तिथेच येतो, फक्त या वेळी चार लेनमध्ये अडकून. जगभरच्या वाहतूक अभियंत्यांना ही गोष्ट पन्नास-साठ वर्षांपासून ठाऊक आहे.

चांदणी चौकाचं उदाहरण मला जास्त टोचतं. जुना पूल 2 ऑक्टोबर 2022च्या मध्यरात्री पाडला, ऑगस्ट 2023मध्ये नवी रचना खुली झाली. वरून घेतलेले फोटो फार देखणे आले. पण त्या वळणांच्या जाळ्यात पायी चालणाऱ्यानं पलीकडे कसं जायचं? बावधनच्या कडेला बसमधून उतरलेली माणसं भरधाव गाड्यांमधून पळत रस्ता ओलांडत होती. पादचारी पुलाचा विचार मागाहून सुरू झाला. एवढा पैसा ओतताना चालणारा माणूस कुणाच्या नजरेसमोर नव्हता, हे त्यातून दिसतं.

बीआरटी, म्हणजे बसची स्वतंत्र मार्गिका, फसलीच ना?

फसवली गेली, असं मी म्हणेन. डिसेंबर 2006मध्ये स्वारगेट-कात्रज-हडपसर मार्गावर ती सुरू झाली, देशातला तो पहिलाच प्रयोग. बसला स्वतःची मार्गिका द्यायची ही कल्पना पूर्णपणे बरोबर होती. पण मार्गिका सलग नव्हती, थांबे रस्त्याच्या मधोमध आणि तिथपर्यंत जायला धड रस्ता नाही, दुचाकीस्वार मार्गिकेत घुसायचे आणि अपघात झाला की नाव बीआरटीचं यायचं. 2015मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी मार्ग बराच नीट केला. त्यावर प्रवास केलेल्यांना फरक कळला. पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका काढून टाकायला सुरुवात झाली, तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं. अर्धवट बांधायचं, राखायचं नाही, मग 'चालत नाही' म्हणून उखडायचं, असं आपण सायकल ट्रॅकचंही केलं.

पीएमपीच्या बसचा काय भरवसा? वेळेवर येतच नाही.

ही तक्रार खरी आहे. मीही चाळीस मिनिटं थांब्यावर उभी राहिलेय आणि मग एकामागून एक तीन बस आल्या आहेत. पण त्या तीन एकदम का आल्या, ते बघा. पहिली बस सिग्नलला अडकली, तिच्यासाठीची गर्दी वाढली, चढ-उतारीला वेळ लागला, तोवर मागची तिला येऊन मिळाली. बस अडकते ती गाड्यांच्या रांगेत. साठ माणसं दीड-दीडनं गाड्यांत बसली तर चाळीस गाड्या होतात, सिग्नलला त्यांची रांग जवळजवळ अडीचशे मीटर लागते. त्याच साठ माणसांना नेणारी बस बारा मीटरची, आणि ती बिचारी त्या अडीचशे मीटरच्या मागे उभी.

पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा 2007मध्ये एकत्र करून पीएमपीएमएल झाली. आज सुमारे दोन हजार बस रोज दहा लाखांहून जास्त लोकांना पोचवतात. एवढ्या बस दोन शहरं आणि आसपासच्या गावांना पुरणार नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जून 2025मध्ये भाडं वाढलं. दोन्ही शहरांचा दिवसाचा पास 40 रुपयांवरून 70 झाला. धुणीभांडी करायला दोन बस बदलून येणाऱ्या बाईसाठी हा फरक फार मोठा आहे. आमच्याकडे येणाऱ्या मावशी त्यानंतर कितीतरी दिवस शेवटचे दोन थांबे चालत येत होत्या. मला ते त्यांच्या चपलेच्या झिजलेल्या टाचेवरून कळलं, त्या स्वतःहून बोलल्या नव्हत्या.

कामाची गोष्ट सांगते: 'आपली पीएमपीएमएल' हे ॲप फोनवर घ्या. बस कुठवर आलीय ते बऱ्याचदा दिसतं. मी घरातून बस दोन थांबे अलीकडे आली की निघते.

मेट्रो आली आहे, आता प्रश्न मिटला की!

मेट्रो मला मनापासून आवडते. 6 मार्च 2022ला वनाझ-गरवारे कॉलेज हा पहिला तुकडा सुरू झाला, ऑगस्ट 2023मध्ये ती जिल्हा न्यायालय आणि रुबी हॉलपर्यंत गेली, मार्च 2024मध्ये रामवाडी, आणि सप्टेंबर 2024च्या शेवटी जमिनीखालून स्वारगेट. भाडं 10 ते 35 रुपये. कर्वे रोडवर खाली गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत असताना वरून नळस्टॉप मागे टाकत जाणं हे रोजचं सुख आहे. गाडीत वाचता येतं, मुलगा तर परीक्षेचा निम्मा अभ्यास तिथेच करतो. सायकलही आत नेता येते.

पण स्टेशन म्हणजे काही घर नव्हे. उतरल्यावर पुढचे सातशे मीटर कसे जायचे, तिथे गाडं अडतं. तुमच्या घरापासून स्टेशनपर्यंत चालायला धड जागा नसेल, तर तुम्ही दुचाकी काढणार. दुचाकी काढलीच आहे तर स्टेशनवर कशाला लावा, सरळ ऑफिसलाच जाऊ, असं होतं. हजारो कोटींची मेट्रो अशी दोन फूट रुंदीच्या फूटपाथपाशी हरते.

तुम्ही सारखं फूटपाथवर येता. एवढं काय आहे त्यात?

बस असो, लोकल असो, मेट्रो असो, प्रवास पायांनीच सुरू होतो आणि पायांनीच संपतो. म्हणून मला फूटपाथ हा सगळ्या वाहतुकीचा पाया वाटतो.

आईचं सांगते. घरापासून मेट्रो स्टेशन सहाशे मीटरवर. ती पहिल्यांदा एकटी निघाली आणि पंधरा मिनिटांत परत आली. म्हणाली, "जिना चढायला लावतात गं तिथे." मला कळेना, स्टेशनला तर लिफ्ट आहे. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गेले. कोपऱ्यावरचा फूटपाथ रस्त्यापासून इतका उंच, की तिला एका हातानं विजेचा खांब धरून, गुडघा वर घेऊन चढावं लागत होतं. वर गेल्यावर दहा पावलांवर एका इमारतीच्या गेटसाठी फूटपाथ कापलेला, म्हणजे उतरा. मग पुन्हा चढा. मी शिवणकामाची टेप नेऊन मोजलं. तेरा इंच. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं की कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा जास्त नको आणि चालायला निदान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी. म्हणजे दोन माणसं शेजारून आरामात जातील एवढी. त्या सहाशे मीटरमध्ये आईला अकरा वेळा चढ-उतार करावा लागत होता, आणि दोन ठिकाणी फूटपाथवर विजेचे डीपी बॉक्स असल्यानं रस्त्यावरच उतरावं लागत होतं, बसच्या चाकांशेजारी.

2022मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यांत 32,825 पायी चालणारी होती. सरकारच्याच अहवालातले आकडे आहेत. दिवसाला जवळजवळ नव्वद माणसं, आणि ती कुठल्याही वाहनात बसलेली नव्हती.

हे सुधारता येतं, हे पुण्यानंच दाखवलंय. जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद केले, बसायला बाकं केली, झाडांना जागा ठेवली, तर संध्याकाळी तिथे आजी-आजोबा आणि लहान मुलं दिसायला लागली. 2016मध्ये महापालिकेनं पादचारी धोरण मंजूर केलं. 2021पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रोडचा एक भाग गाड्यांसाठी बंद ठेवून पादचारी दिन करतात. आणि मे 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वापरण्याजोगा फूटपाथ हा राज्यघटनेच्या कलम 21मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. आईला ती बातमी मी मोठ्यानं वाचून दाखवली.

फूटपाथ तर हातगाडीवाल्यांनी अडवलेत. आधी त्यांना हटवा.

एक प्रयोग करा. तुमच्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत चाला आणि काय काय आडवं येतं ते मोजा. आमच्या रस्त्यावर मला तीन हातगाड्या मिळाल्या आणि एक्केचाळीस लावलेल्या दुचाकी. भाजीवाली सकाळी येते, दुपारी जाते, आणि तिच्यामुळेच आईला भाजीसाठी वाहन लागत नाही. फेरीवाल्यांसाठी 2014चा कायदा आहे, त्यांना ठरवून जागा देता येते.

पार्किंग काढलं तर दुकानदारांचा धंदा बसेल ना?

एक चारचाकी उभी राहायला साडेबारा चौरस मीटर घेते, म्हणजे सव्वाशे-दीडशे चौरस फुटांची खोली. पेठेत तेवढ्या खोलीचं भाडं काय आहे ते विचारा. ती जागा आपण जवळजवळ फुकट देतो, आणि तीत दिवसभर बहुतेक वेळा एकच गाडी असते, पुष्कळदा दुकानदाराचीच. तुळशीबागेत गाडी जात नाही, आणि तुळशीबाग ओस पडल्याचं मी जन्मात पाहिलं नाही. 2018मध्ये पार्किंगला रास्त पैसे घेण्याचं धोरण महापालिकेत आलं, पाच रस्त्यांपुरतं मान्य झालं आणि तिथेच थांबलं.

इलेक्ट्रिक गाडी घेतली तर चालेल?

धूर जाईल, चांगलंच आहे. जागा तेवढीच लागेल.

सायकल चालवावीशी वाटते, पण भीती वाटते. काय करू?

भीती रास्त आहे. पहिले दोन महिने फक्त आतल्या रस्त्यांनी जा. कर्वे रोड टाळून मयूर कॉलनी, प्रभात रोडच्या गल्ल्यांतून डेक्कनपर्यंत शांतपणे जाता येतं. लावलेल्या गाड्यांच्या दारापासून हातभर अंतर ठेवा, दार अचानक उघडतं. घंटी जोरात वाजणारी घ्या, मागचा लाल दिवा दिवसाही लावा. गिअरची महाग सायकल लागत नाही. मडगार्ड मात्र हवंच, नाहीतर पावसात पाठीवर चिखलाची रांगोळी उठते.

सायकल ट्रॅकचा फारसा भरवसा धरू नका. बरेचसे मध्येच संपतात किंवा त्यांवर दुचाकी लावलेल्या असतात. 2017च्या शेवटी शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, ॲपवर मिळणाऱ्या रंगीत सायकली आल्या, वर्ष-दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या. नेदरलँड्सचं उदाहरण सगळे देतात आणि म्हणतात, त्यांची संस्कृतीच वेगळी. तसं नाही. 1971मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर लहान मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांचे बळी थांबवा' म्हणत त्यांनी चळवळ केली, तेव्हा कुठे रस्ते बदलायला लागले.

पावसाळ्यात आणि उन्हात काय करता?

पावसात मेट्रो, छत्री आणि पायांत प्लॅस्टिकच्या चपला. ऑफिसच्या खणात कोरडा जोड असतो. उन्हाचं खरं उत्तर झाडं आहेत. प्रभात रोडवरून एप्रिलमध्ये दुपारी एकला चालता येतं, रुंदीकरणात झाडं गेलेल्या रस्त्यावरून नाही.

बाईमाणसानं रात्री बस-मेट्रोनं जायचं म्हणजे धोक्याचंच, नाही का?

मेट्रोत, बसमध्ये मला भीती वाटत नाही. बसमध्ये कंडक्टर असतो, चार माणसं असतात. भीती वाटते ती थांब्यावर, जिथे दिवा बंद आहे, आणि थांब्यापासून घरापर्यंतच्या ओसाड पट्ट्यात. ज्या रस्त्यावर दुकानं उघडी आहेत, माणसं चालतायत, तिथून मी दहालाही निर्धास्त येते. उंच भिंतींच्या आणि फक्त गाड्या धावणाऱ्या रस्त्यावरून आठलाही नको वाटतं. माझा नेम असा: नऊनंतर चौकापासून रिक्षा. मैत्रिणींनाही तेच सांगते.

आमच्याच्यानं गाडी सोडणं होणार नाही. तरी काही करता येईल?

सोडू नका. एक फेरी बदला. किलोमीटरभरात असलेल्या कामाला, म्हणजे दूध, औषधं, बँक, मुलाची शिकवणी, चालत जाऊन बघा. झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे थांबा. सोसायटीच्या बाहेर फूटपाथवर गाडी लावू नका आणि पाहुण्यांनाही लावू देऊ नका. याला एक पैसा लागत नाही.

तक्रार करून काही होतं का?

होतं, चिकाटी लागते. 'फूटपाथ खराब आहे' एवढं लिहून काही हलत नाही. मी टेप लावलेला फोटो काढला, जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर लिहिला, मानक काय आणि प्रत्यक्षात उंची किती ते दोन ओळींत मांडलं. महापालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर टाकलं, आणि तोच कागद क्षेत्रीय कार्यालयात नेऊन पोच घेतली. पहिल्यांदा तक्रार न पाहताच बंद केली. पुन्हा टाकली. सोसायटीतल्या बावीस जणांच्या सह्या घेतल्या, त्यात तीन गाडीवाले होते. पाच महिन्यांनी दोन कामगार आले आणि कोपऱ्यावर सिमेंटचा उतार करून गेले. थोडा ओबडधोबड आहे, पण आईला खांब धरावा लागत नाही. बाकीचे दहा चढ-उतार अजून तसेच आहेत. दुसऱ्याचा फोटो गेल्या सोमवारी टाकलाय.